पडदा वेगळा, दोन शिंगं वेगळी

गर्भाशयाच्या जन्मजात दोषांवरच्या तुमच्या लेखात पडदा असलेलं गर्भाशय आणि दोन शिंगांचं गर्भाशय एकाच ओळीत उरकलंय, ते पटलं नाही. पोटातल्या मुलीच्या दोन म्युलेरियन नलिका जुळून गर्भाशय बनतं. वरच्या बाजूला जुळल्याच नाहीत तर दोन शिंगं. जुळल्या पण मधली भिंत विरली नाही तर पडदा. एचएसजीच्या (गर्भाशयात औषध सोडून काढलेल्या) एक्स-रेत फक्त आतली पोकळी दिसते, त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात. बाहेरचा आकार पाहायला थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा.

आमच्या डिचोलीच्या वयनीला नुसत्या एचएसजीवर दुर्बिणीतून पडदा कापायला सांगितलं होतं. थ्रीडीत दोन शिंगं निघाली! कापलं असतं तर गर्भाशयालाच भोक पडायची भीती. (तोवर घरच्यांनी देवाचा कौलही घेऊन झाला होता, तो अपॉइंटमेंटपेक्षा लवकर मिळतो.)

खरोखर पडदा असला तरी घाई नको. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पडदा कापल्याने जिवंत बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. अर्थात ती जेमतेम ८० जणींची होती.

आणि मूत्रपिंडांचा लेखात उल्लेखच नाही. एकशिंगी (एकाच नलिकेपासून बनलेल्या) गर्भाशयात एका बाजूचं मूत्रपिंड नसणं बऱ्याचदा आढळतं, तेव्हा मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी करून घ्यावी.