पन्हळी पत्र्याला फ्लुटेड म्हणा

घराचं इंटिरिअर करून घ्यायचं तुम्ही ठरवलंय, हे ऐकून बरं वाटलं. आमचं नुकतंच झालं. कोथरूडमधल्या चाळीस वर्षं जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, चार महिने, आणि खर्चाचा आकडा विचारू नका. तो मी अजून स्वतःलाही नीट सांगितलेला नाही. पण या चार महिन्यांत जे शहाणपण आलं ते फुकट देतोय, तेवढं गाठीला बांधून ठेवा.

पहिली गोष्ट, घरात जे आहे ते काढून टाका. काय आहे ते बघत बसू नका. बघितलं की आठवतं, आठवलं की ठेवावंसं वाटतं, आणि ठेवलं की डिझायनरचा चेहरा पडतो. आमच्याकडे आजोबांचा सागवानी पलंग होता. चार खूर, चार पाट्या, लाकडाच्याच पाचरी. पाचरी ठोकल्या की पलंग उभा, काढल्या की सुटा. 1956 साली स्वीडनमध्ये आयकियाच्या एका माणसाचं टेबल गाडीत बसेना म्हणून त्यानं त्याचे पाय काढले आणि तिथून सुट्या फर्निचरचं युग सुरू झालं, अशी गोष्ट सांगतात. आजोबांचा पलंग साताऱ्याहून एसटीच्या टपावर आला होता, तोही सुटाच. पण त्याच्यासोबत आकृत्यांचा कागद नव्हता आणि सहा कोनांची ती वाकडी किल्ली नव्हती, त्यामुळे त्याच्या हातून कुठलंही युग सुरू झालं नाही. जुन्या बाजारवाल्यानं साडेचार हजारांत नेला. त्यानं पाचरी काढल्या आणि दोन खेपांत एकटा जिना उतरून गेला. नवा बेड जोडायला दोन माणसं आणि एक आख्खा रविवार लागला, आणि शेवटी तीन स्क्रू उरले. ते मी जपून ठेवलेत. नेमके कुठले राहिले, हे बेड सांगेलच.

घर रिकामं झालं की शब्द शिका. यात हयगय नको, कारण बिल शब्दांचं येतं. लाकडाचं येत असतं तर एवढं आलं नसतं.

आमच्या डिझायनर बाई वयानं तिशीच्या आतल्या, हुशार, कायम टॅबलेट हातात. टीव्हीच्या मागच्या भिंतीला काय लावायचं याचं चित्र त्यांनी दाखवलं. उभ्या उभ्या खाचा, वरपासून खालपर्यंत. मी भाबडेपणानं म्हणालो, "अहो, हा तर पन्हळी पत्रा!"

बाई दोन क्षण गप्प राहिल्या. मग आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "सर, याला फ्लुटेड पॅनल म्हणतात."

तेव्हा तुम्हीही तसंच म्हणा. गावी गोठ्यावर असतो तो पत्रा, दिवाणखान्यात असतं ते फ्लुटेड. फरक एवढाच की गोठ्यावरची धूळ पाऊस धुऊन नेतो आणि टीव्हीमागे पाऊस पडत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी नेहमीसारखं फडकं मारलं. फडकं वरून गेलं, धूळ खाचेत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटाला कपडा गुंडाळून बघितलं. तिसऱ्या दिवशी बायकोकडून जुना टूथब्रश मागून घेतला, स्टुलावर चढल्या आणि एकेक खाच वरून खाली घासत आल्या. पाऊण तासानं खाली उतरून कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, शहाण्णव आहेत. मोजल्या मी. याचे वेगळे पडतील." टेंडर काढून काम देणाऱ्या कुठल्याही इंजिनिअरपेक्षा मावशींचं मोजमाप चोख होतं. महिना दोनशे वाढवले. पॅनलच्या किमतीत हे धरा.

मग भिंती. साधा ऑइलबाँड किंवा प्लॅस्टिक पेंट लावलात तर तुम्ही संपलात. सध्या लाइम वॉश चालतं. लाइम वॉश म्हणजे चुना. तोच, जो दिवाळीच्या आधी पिंपात भिजत घालायचे, त्यात थोडी नीळ आणि चिकटपणाला डिंक टाकायचे, आणि भिंतीला टेकणाऱ्याची पाठ वर्षभर पांढरी व्हायची. आता तो डबाबंद येतो, ब्रश आडवातिडवा मारून मुद्दाम ढगाळ दिसेल असा लावतात आणि त्याला स्क्वेअर फुटावर पैसे घेतात. चुना लावणं या वाक्प्रचाराला आमच्या घरी एवढा शब्दशः अर्थ पूर्वी कधी आला नव्हता.

एक भिंत मात्र रंगाची हवी. रंग आपल्या मनानं निवडायचा नसतो, तो अमेरिकेतली पँटोन नावाची कंपनी दर वर्षी जाहीर करते. 2024 चा पीच फझ होता, 2025 चा मोका मूस. मोका मूस म्हणजे कॉफी-चॉकलेटच्या वळणाचा, मऊ, उबदार, मातकट तपकिरी. आम्ही तो जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला दिला. संध्याकाळी आई काठी टेकत आली, भिंतीसमोर उभी राहिली, नाक जवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "सारवलंस वाटतं?"

ज्येष्ठांची मतं इंटिरिअरच्या काळात घेऊ नयेत. त्यांना थोडे दिवस बहिणीकडे पाठवता आलं तर उत्तम.

खुर्च्यांच्या बाबतीत मात्र मी ठाम होतो. मला वेताची हवी होती, वडिलांची होती तशी. वडिलांची खुर्ची मीच दहा वर्षांपूर्वी टाकून दिली होती, कारण बसायची जागा झोळीसारखी लोंबली होती आणि वेत विणून देणारा माणूस त्या भागात उरला नव्हता. बाई म्हणाल्या, "वा सर, तुमचा चॉइस एकदम करंट आहे. चंडीगड चेअर घेऊ."

या खुर्चीची कुळकथा तुम्हाला माहीत हवी, पाहुण्यांना सांगायला उपयोगी पडते. चंडीगड शहराचा आराखडा करणारा वास्तुरचनाकार कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे 1951 मध्ये चंडीगडला आला आणि 1965 पर्यंत राहिला. नवं शहर, नवी सचिवालयं, विद्यापीठ, आणि बसायला काहीच नाही. तेव्हा त्यानं आणि तिथल्या मंडळींनी इथल्या सागाच्या आणि इथल्या वेताच्या, कंपासच्या टोकांसारख्या फाकलेल्या पायांच्या खुर्च्या काढल्या. कारकून त्यावर बसले, डबे खाल्ले, फायलींवर डुलक्या काढल्या. वेत तुटला, पाय हलायला लागले, तेव्हा सरकारी रिवाजाप्रमाणे खुर्च्या गच्चीवर गेल्या, तिथे ऊनपाऊस खात ढीग झाला आणि ढीग भंगारात निघाला. परदेशी व्यापाऱ्यांनी तो कवडीमोलानं उचलला, घासूनपुसून युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत मांडला, आणि एकेका खुर्चीला लाखांत बोली लागली. मग आपल्याला कळलं की हा वारसा आहे. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं त्यांच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. काही लिलावातल्या खुर्च्यांवर खात्याचा रंगवलेला जुना नंबर अजून असतो, आणि नंबर असला तर भाव जास्त मिळतो.

कारकुनानं डबा खाल्लेली खुर्ची आपल्याला परवडत नाही, म्हणून तिची नक्कल घ्यायची. आमची नक्कल सागाची नाही. कसली आहे हे विचारल्यावर दुकानदार "सॉलिड वूड" एवढंच म्हणाला, आणि झाडाचं नाव विचारल्यावर पुन्हा "सॉलिड वूड" म्हणाला. वेत छान ताणलेला आहे. लोंबला की विणून देणारा माणूस त्या भागात अजूनही नाही.

सोफा घेताना जापांडी घ्या. जपान अधिक स्कँडिनेव्हिया. दोघांपैकी एकाचाही हळदीशी संबंध आलेला नसल्यामुळे तो पांढरट असतो, आणि त्यावर बुक्ले नावाचं मेंढीच्या पाठीसारखं गुठळ्यागुठळ्यांचं कापड असतं. त्याची बैठक जमिनीपासून जेमतेम 14 इंच. पूर्वी आपल्याकडे गादी घालून, लोड-तक्के टेकून जी बैठक असायची तिच्यापेक्षा हे उंच आणि खुर्चीपेक्षा बुटकं. म्हणजे मांडीही घालता येत नाही आणि पायही सोडता येत नाहीत. वास्तुशांतीला आप्पाकाका आले, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. "काय मऊ रे!" म्हणत बसले. बसले ते गेलेच. गुडघे हनुवटीपाशी आले. हातात पेढ्याची बशी होती, ती त्यांनी बुडत्या माणसानं वर धरावी तशी वर धरली. जेवायची पानं वाढली तेव्हा एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं जावई, असे एक-दोन-तीन म्हणून त्यांना ओढून काढलं. त्यानंतर काका दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा उभ्याउभ्याच. सोफ्यावर आता चादर असते. चादरीवर अजून एक जुनी चादर असते. पाहुणे यायचे झाले की दोन्ही काढतो, आणि पाहुणे आले की बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत आणतो.

जपानवरून आठवलं, वाबी-साबी विसरू नका. अपूर्णतेतलं सौंदर्य. थोडं वेडंवाकडं, थोडं तडकलेलं, वापरून गुळगुळीत झालेलं ते सुंदर. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाच्या आचार्यानं साध्या, ओबडधोबड भांड्यांतून चहा देऊन ही दृष्टी रुजवली. आमच्या आईनंही आयुष्यभर टवका उडालेल्या कपातूनच चहा घेतला, चांगले कप शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी. आता पाहुण्यांना टवके उडालेले कप द्यायचे आणि चांगले आपण वापरायचे. फक्त टवका कारखान्यात उडालेला हवा. आईच्या कपाचा टवका घासताना नळावर आपटून उडाला होता, तो धरत नाहीत.

किचनबद्दल एकच सूचना. पांढरं, बिनमुठीचं मॉड्युलर किचन केलंत तर त्यात स्वयंपाक करू नका. मिस्त्री तुम्हाला प्लायवरचा 710 चा शिक्का दाखवेल. 710 म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला दाद न देणारा. सिंकखाली तो लागतोच, गैर काही नाही. पण 710 ला पाण्याचं भय नसलं तरी बाहेरच्या पांढऱ्या शटरला फोडणीचं आहे. मोहरी तडतडली की बायको माझ्याकडे बघते. बांगडा तळायचा असेल तर आम्ही ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी जुनी शेगडी मांडतो. खरं किचन तेच, कडाप्प्याचं, दोन बाय तीन फुटांचं. बाकीचं फोटोत छान येतं.

जातं मिळालं तर सोडू नका. आमच्या ओळखीत एकांनी दोन तळ्या एकावर एक ठेवून वर काच टाकली आणि कॉफी टेबल केलं. शेजारी उखळात मनीप्लांट. पहाटे चारला उठून त्या जात्यावर ज्यांनी ओव्या म्हटल्या, त्यांना कॉफी मिळाली नसती हे खरं, पण रस्टिक लुक त्यांच्याचमुळे आला, हे मान्य करायला हवं.

राहता राहिली फरशी. आमच्याकडे मोझॅक होती. करड्या सिमेंटमध्ये काळे, पांढरे, पिवळट संगमरवरी तुकडे. घासायचं मशिन फिरून फिरून गुळगुळीत झालेली, उन्हाळ्यात दुपारी उघड्या पाठीनं आडवं झालं की डोळा लागायचा. ती आम्ही फोडली. चार दिवस हातोड्याचा आवाज, खालच्या मजल्यावरच्या आजींच्या तक्रारी, बत्तीस पोती राडारोडा. वर नव्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल बसवल्या. डिझाइन बाईंनी निवडलं. करडी जमीन, त्यात काळे, पांढरे, पिवळट ठिपके. याला टेराझो म्हणतात, व्हेनिसकडची जुनी कला. टाइलवर ती छापलेली असते. आईनं चप्पल काढून पाय ठेवून बघितला. काही बोलली नाही. तेव्हापासून घरात सपाता घालते.

बत्तीसपैकी दोन पोती टेम्पोत मावली नाहीत म्हणून पार्किंगमध्ये, माझ्या स्कूटरच्या मागे राहिली. परवा बाई शेवटच्या हप्त्यासाठी आल्या होत्या. निघताना पोत्याच्या फाटक्या तोंडातून बाहेर आलेला मोझॅकचा तुकडा त्यांना दिसला. त्या वाकल्या, रुमालानं तो पुसला, उजेडात धरला.

"सर, हे कुठून मिळवलंत? हे ओरिजिनल आहे!"

म्हटलं, "ओळखीतून."

"याच्या कडा कापून, पॉलिश करून, पितळी पट्टीत बसवलं तर सेंटर टेबलचा टॉप काय सुंदर होईल. असं मटेरिअल आता मिळतच नाही."

मजुरी धरून अठरा हजार सांगितलेत. मी हो म्हटलंय. तुमच्याकडे अजून मोझॅक शिल्लक असेल तर फोडायच्या आधी मला फोन करा, दुसरं पोतं अर्धंच भरलेलं आहे.