सातवं पान

माझ्या बचत खात्यात किती पैसे आहेत, हे काल संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या सहा अनोळखी माणसांना कळलं. घरी मी वेगळा आकडा सांगितला होता.

कारण व्हेनिस. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, तर एप्रिलमध्ये चार दिवस जाऊन येऊ, असं गणपतीत ठरलं. ठरवताना दोघांच्याही तोंडात मोदक होता, त्यामुळे सगळंच सोपं वाटलं. मग कळलं की विमान, हॉटेल हा किरकोळ भाग आहे. खरं काम म्हणजे आपण परत येणार आहोत हे इटलीला पटवणं. रजेचं पत्र, इन्कम टॅक्सची रिटर्न्स, तीस हजार युरोंचा विमा, 35 बाय 45 मिलिमीटरचा न हसणारा फोटो आणि माणशी 90 युरो फी, जी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. गृहकर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी असलेला माणूस पळून कुठे जाणार? पण कर्ज हा पुरावा धरत नाहीत. तिकडच्या माणसाला ठाण्याला यायचं झालं तर तो घरी बसून ई-व्हिसा काढतो.

तर बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट झेरॉक्सला दिलं. चौदा पानं. ‘फीडर गेलाय, एकेक टाकावं लागेल,’ शेठ म्हणाले. म्हणजे झालेलं प्रत्येक पान काउंटरवर उताणं, रांगेकडे तोंड करून.

माझ्या मागे हयातीच्या दाखल्याची प्रत काढायला आलेले एक काका होते. कानटोपी, हातात पिशवी, ऐंशीच्या आसपास. चष्मा वर करून त्यांनी पहिलं पान शांतपणे वाचलं.

‘बाहेरचं खाणं फार आहे तुमचं.’

मी पान उलटं केलं. त्यांनी दुसरं घेतलं.

‘कुठे निघालात?’

‘व्हेनिसला.’

यावर शेठ मान वर न करता म्हणाले, ‘त्यापेक्षा जुलैत पाणी तुंबलं की वंदना डेपोला उभे राहा ना साहेब.’ रांग हसली.

हा विनोद मी दोन महिन्यांत अकराव्यांदा ऐकला. सोसायटीच्या वॉचमननं केला, सासूबाईंनी केला, दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हात घालून केला. एकदा मी गंभीरपणे उत्तर दिलं होतं, की तिथे भरतीचं पाणी चढतं. 12 नोव्हेंबर 2019 ला 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. पण खाडीच्या तीन तोंडांवर त्यांनी 78 दरवाजे बसवलेत आणि 2020 पासून मोठी भरती आली की ते उचलतात. त्यालाही वर्षानुवर्षं उशीर झाला, खर्च वाढला, भ्रष्टाचार झाला. सगळं अगदी आपल्यासारखंच, फक्त शेवटी दरवाजे उचलले गेले. आपल्याकडे दर पावसाळ्यात तोच नाका, तोच पंप, गुडघाभर पाण्यातल्या रिक्षेचा तोच फोटो. हे बोललो की लोक म्हणतात, ‘अहो, जोक होता.’

काका मात्र हसले नव्हते. त्यांचे प्रश्न तयार होते.

‘तिथे रिक्षा?’

‘नाही. मोटार पियात्साले रोमापर्यंत. पुढे पायी, नाहीतर होडी.’

‘पोलीस?’

‘होडी.’

‘ॲम्ब्युलन्स?’

‘तीही होडी.’

काका जरा थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘आणि शेवटचं?’

‘होडीच. सान मिकेले म्हणून स्मशानाचं वेगळं बेट आहे.’

‘वा!’ काका म्हणाले. हातात हयातीचा दाखला धरून माणूस इतकं मनापासून ‘वा’ म्हणू शकतो, हे मला माहीत नव्हतं. ‘आणि त्या काळ्या होडीत बसणार का? तिचे किती?’

‘अर्ध्या तासाचे 90 युरो.’

‘म्हणजे?’

‘नऊ हजारांच्या आसपास. संध्याकाळी सातनंतर 110 युरो.’

झेरॉक्सचं मशीन थांबलं. शेठनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

‘तळावपाळीला बोट मिळते,’ रांगेतून कोणीतरी म्हणालं.

‘थांबा हो,’ काका त्याला म्हणाले. मग मला, ‘वल्हवतो कोण?’

‘तोच. उभं राहून.’

‘नऊ हजार घेऊन बसायला जागा नाही त्याला?’

‘तशी पद्धत आहे.’

‘गातो तरी का?’

‘गाण्याचे वेगळे पैसे.’

‘नऊ हजार दोघांचे की एकाचे?’

‘होडीचे. पाच जण बसतात.’

आता काकांचा चेहरा उजळला. ‘मग शेअर करा की! धक्क्यावर उभं राहायचं आणि ओरडायचं, तीन सीट, तीन सीट!’ आणि त्यांनी खरोखरच ओरडून दाखवलं. बाहेरून जाणाऱ्या एका बाईंनी वळून विचारलं, ‘स्टेशन?’

यापुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. रांगेनं माझी सहल ताब्यात घेतली. राहायचं कुठे? मेस्त्रेला, व्हेनिसला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे, स्वस्त पडतं. ‘म्हणजे कळव्याला उतरून ठाणं बघणार,’ शेठ म्हणाले. नुसतं शहरात शिरायचेही पैसे आहेत का? गर्दीच्या ठरावीक दिवशी, रात्री मुक्काम नसेल तर 5 युरो, आयत्या वेळी नोंदवलं तर 10. मुक्काम असेल तर माफ, पण माफीसाठीही नोंदणी करायची. ‘हे मात्र आपल्यासारखं आहे,’ असं तीन जण एकदम म्हणाले. बॅगा किती? दोन, एकीत नुसती भाजणी आणि चिवडा. चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, असं सांगून मी घरी त्या बॅगेला विरोध केला होता. ‘ठाण्याच्या पुलावर सवय करायची,’ असं उत्तर मिळालं होतं. काकांनाही ते योग्य वाटलं.

एव्हाना चौदाही पानांवर जनतेची नजर फिरून झाली होती. मी पैसे दिले आणि गठ्ठा उचलून जवळजवळ पळालो. मागून काकांचा आवाज आला, ‘बाहेरचं खाणं कमी करा, गाण्याचेही पैसे सुटतील!’

घरी येऊन पानं लावायला बसलो. आज सकाळी नऊची अपॉइंटमेंट होती. सहानंतर एकदम आठ. सातच्या जागी एका सेवानिवृत्त गृहस्थांचा, ते हयात असल्याचा दाखला. त्यावर फोन नंबर होता. हातात पानं, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

‘हो हो, माझ्याकडेच आहे,’ काका म्हणाले. ‘वाचतोय. चौदा तारखेला शिल्लक चोपन्न हजारच कशी हो?’

बायको चहा घेऊन मागेच उभी होती.