स्कॅन चालू आहे

घरातल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की पहिला शोध व्हायरसचा नसतो, आरोपीचा असतो. आणि तो कधीच सापडत नाही. मुलगी म्हणते, मी फक्त प्रोजेक्ट करत होते. बायको म्हणते, मी तर त्याला हातही लावत नाही. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतात, "आपोआप झालं." हा 'आपोआप' आमच्या घरातला सर्वात कामसू सदस्य आहे. त्यानेच ब्राउझरचं पहिलं पान बदललं, त्यानेच वरती अनोळखी टूलबार बसवले, आणि बँकेचं नाव शोधलं तर आधी जुगाराच्या जाहिराती दाखवायची सोयही त्यानेच केली. कुणी काही करत नसताना कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत होता, म्हणजे आत बसून कुणीतरी आमच्या विजेवर आपलं काम उरकत होतं.

मग सायरन वाजला. लाल स्क्रीन, मधोमध भलंमोठं उद्गारचिन्ह, 'आपल्या संगणकात धोकादायक व्हायरस आढळले आहेत, संगणक बंद करू नका, ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा.' मी खोलीत पोचलो तेव्हा बाबा चष्मा लावून नंबर उतरवून घेत होते. मी सांगितलं, अहो बाबा, हे नुसतं चित्र आहे. वेबसाइटला आपल्या डिस्कमध्ये काय दडलंय ते दिसत नाही आणि खरा अँटिव्हायरस कधी फोन करा म्हणत नाही. फोन केला तर पलीकडचा गोड आवाजाचा माणूस आपल्याच हाताने आपल्या कॉम्प्युटरचा ताबा घेतो आणि वर फी मागतो. बाबांना हे पटलं नाही. "इतक्या तळमळीने कळवतायत बिचारे," म्हणाले. मी टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी, उघडून सबंध ब्राउझरच बंद केला, तेव्हा कुणाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

व्हायरसवाल्यांनी फोन नंबर देण्याची परंपरा तशी जुनी. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला आणि त्यात चक्क स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातला. त्याच्याही आधी, १९७१ साली, 'क्रीपर' नावाचा प्रोग्राम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा आणि 'मी क्रीपर, जमलं तर पकडा' एवढंच म्हणायचा. ना चोरी, ना जाहिरात. काय खानदानी लोक होते!

उपचाराची पहिली पायरी म्हणून मी इंटरनेट तोडलं. घरात जो आक्रोश झाला, तेवढा व्हायरसबद्दल झाला नव्हता.

मग टास्क मॅनेजर. 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या नोंदींची ही रांग. मेहुण्याने फोनवरून निदान केलं, "एकाच नावाचे इतके? सगळे मारून टाका." हा विंडोजचाच प्रामाणिक नोकरवर्ग आहे, निरनिराळ्या सेवा हेच चालवतात. सगळे मारले तर व्हायरसही जाईल हे खरं, पण त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही जाईल. तोतया ओळखायचा तो नावावरून नव्हे, पत्त्यावरून. नोंदीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हणायचं. खरा असेल तर विंडोजच्या सिस्टिम थर्टीटू फोल्डरात राहतो. आमच्याकडच्या एकाच्या नावात दोन अक्षरांची अदलाबदल होती आणि मुक्काम होता तात्पुरत्या फायलींच्या टेम्प फोल्डरात.

पत्ता लागला, आता घालवायचा. अनइन्स्टॉल म्हटल्यावर एक खिडकी आली. त्यात रडणारा चेहरा, खाली 'आम्हाला सोडून जाणार?' असा प्रश्न, आणि दोन बटणं. 'राहू द्या' हे हिरवंगार, हाताएवढं. 'काढून टाका' हे करड्या पार्श्वभूमीवर करड्याच अक्षरांत, इतकं बारीक की मी आधी त्याला स्क्रीनवरची धूळ समजून पुसलं. ते दाबल्यावर दुसरी खिडकी: 'तुम्हाला सेवा रद्द करणं रद्द करायचं आहे का?' आता याला हो म्हणायचं की नाही? व्याकरणाच्या जोरावर टिकून राहणारा हा पहिलाच प्राणी मी पाहिला.

कसाबसा गेला. रीस्टार्ट केलं, तर हजर. स्टार्टअपची यादी तर साफ होती. शेवटी ठरलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये 'अपडेट' अशा सोज्वळ नावाची एक नोंद सापडली. काम एकच: कुणी लॉगिन केलं की हरवलेला माल पुन्हा डाउनलोड करणे. तीही उडवली. कॉम्प्युटर शांत झाला, मी इंटरनेट जोडलं, आणि ब्राउझरने आपलं जुनं, म्हणजे नवं, म्हणजे नको असलेलं पान दाखवलं. हे सिंकचं, म्हणजे सगळ्या यंत्रांवरचे ब्राउझर सारखे ठेवणाऱ्या सोयीचं, प्रेम. ब्राउझरच्या खात्यात पान बदलणारं ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटलेलं जोडकाम, जपून ठेवलेलं होतं, मुलीच्या लॅपटॉपवरही होतं. इकडून काढलं की तिकडून परत. सगळीकडे सिंक थांबवून, प्रत्येक ठिकाणचं एक्स्टेन्शन काढलं, तेव्हा ती ये-जा थांबली.

तरीही कोपऱ्यात जाहिराती उगवतच होत्या. हे प्रकरण व्हायरसचं नव्हतंच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या वेबसाइटींची यादी पाहिली, तर ती लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीहून लांब. बाबांनीच खुलासा केला. "त्यांनी विचारलं, तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाऊ दाबा. मी नाही रोबोट. सांगायला नको?" या युक्तिवादापुढे मी काय बोलणार! यादी पुसली, आणि यापुढे कुणालाच असं विचारता येणार नाही अशी व्यवस्था केली.

दरम्यान मेहुण्याने पेन ड्राइव्हवर आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस पाठवला. एकाला दोन असले तर बरं, असं त्याचं मत. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहारा द्यायला लागले की ते एकमेकांनाच संशयित धरतात आणि कॉम्प्युटर मधल्यामध्ये चिरडला जातो. एकच ठेवावा, तो चालू ठेवावा. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच. त्याचं ऑफलाइन स्कॅन मला सगळ्यात आवडलं. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, विंडोज उठायच्या आतच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला लपायला उठताच येत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. तेवढा वेळ अख्खं घर एकत्र बसून टक्केवारी पाहत होतं. इतकी कौटुंबिक एकी एरवी दिसत नाही.

यानंतर पासवर्ड. ते बदलायचे दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. नाहीतर नवा पासवर्ड आधी चोराला कळतो, मग आपल्याला. शिवाय प्रत्येक खात्यातून 'सगळीकडून लॉगआउट' करायचं, कारण चोराने चालू लॉगिनच पळवलं असेल तर त्याला पासवर्डची गरजच पडत नाही. या निमित्ताने कळलं की घरातल्या सगळ्या खात्यांचा पासवर्ड एकच आहे, आणि तो मुलीचं लाडकं नाव व जन्मसाल. मुलगी म्हणाली, बदलू नका ना, मला छान वाटतं.

पुन्हा लागण होऊ नये म्हणून आता कायदे केले आहेत. रोज वापरायचं प्रत्येकाचं खातं साधं, अ‍ॅडमिनचा (सगळे बदल करू शकणाऱ्या खात्याचा) पासवर्ड फक्त माझ्याकडे. यामुळे सगळंच अडतं असं नाही, पण मुळावर घाव घालणारं बरंच अडतं. फुकटची वस्तू इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडायचं, कारण 'रेकमेंडेड'च्या पोटात आधीच टिक केलेले पाहुणे असतात. फाइलचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबापुढची प्रकार सांगणारी अक्षरं, दिसेल अशी सेटिंग चालू केली. २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' हा व्हायरस प्रेमपत्र म्हणून जगभर उघडला गेला तो शेपूट लपल्यामुळेही: नाव टीएक्सटीवर संपतंय असं दिसायचं, पुढचं व्हीबीएस, म्हणजे हे पत्र नसून प्रोग्राम आहे हे सांगणारं, दिसायचं नाही. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर फायली कुलपात घालून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

आणि अपडेट. २०१७ साली 'वॉनाक्राय' हा असाच खंडणीखोर व्हायरस मे महिन्यात पसरला, त्याचा तोडगा मार्चमध्येच आलेला होता. मधले दोन महिने लोक 'नंतर आठवण करा' दाबत होते. हे मी जेवणाच्या टेबलावर साभिनय सांगितलं.

त्या शिकवणीचा परिणाम सर्वात जास्त बाबांवर झाला. अलाऊ दिसलं की खुर्ची मागे सरकवतात. शेपटं मोठ्याने वाचतात. परवा विंडोजचा खराखुरा सुरक्षा अपडेट आला, तर त्यांनी मला ऑफिसात फोन केला, आवाज दबका.

"पुन्हा आला होता. 'आता रीस्टार्ट करा' म्हणत होता. मी बधलो नाही. तिथेच एक बटण होतं, एक आठवडा थांबवा म्हणून. दाबलं. आता आठवडाभर तरी फिरकत नाही."