‘जागरूक नाशिककर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महाशय,

उंदरांमार्फत पसरणाऱ्या हंटा विषाणूवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “फोटोत उंदीर नाही, चिचुंद्री आहे. उंदराच्या लघवीतून पसरतो तो लेप्टो. माकडाच्या किडनीच्या पेशींवरून माणसाचं काय कळणार? नाशकात किती रुग्ण आहेत ते सांगा. आधी चार पुस्तकं वाचा, मग लोकांना शिकवा.”

फोटोचं मान्य. चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही, फोटो बदलतो. मात्र १९६४ साली वेल्लोरला चिचुंद्रीतूनच थोट्टापालयम विषाणू मिळाला आणि तो पुढे हंटाच्याच गटातला निघाला, हेही जाता जाता वाचून ठेवा.

आता ती ‘चार पुस्तकं’. माझा जन्म भद्रकालीतल्या वाड्यातला. खाली धान्याचं गोदाम, वर आम्ही. उंदीर कुठे मुततात हे मला पुस्तकातून कळायची गरज पडली नाही. पुढे उभी हयात पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीचे नमुने मायक्रोस्कोपखाली बघण्यात गेली. पुस्तकंही वाचली, चाराहून बरीच जास्त. टोपणनावाच्या आडून वयाने मोठ्या माणसाला असं बोलायची रीत आमच्या वाड्यात नव्हती. तुमच्याकडे असेल.

हंटावरचे प्रयोग ज्या माकडाच्या पेशींवर झाले, त्यांना नाक मुरडलंत. या व्हेरो पेशी १९६२ साली जपानमध्ये चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवल्या. कुत्रा चावल्यावर आपण टोचून घेतो त्या रेबीजच्या कित्येक लसी याच पेशींवर तयार होतात. तेव्हा नाही आठवत माकड? या पेशींना इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला रोखणारं प्रथिन, बनवता येत नाही, म्हणून विषाणू त्यांत बिनधास्त वाढतो. हे मांडलं असतंत तर त्याला आक्षेप म्हणता आलं असतं.

मूत्रनलिकेच्या पेशीला, वाड्याला असतात तशी, दोन दारं: एक नळीच्या पोकळीकडे, दुसरं रक्ताच्या बाजूला. फ्लोरिडातला ब्लॅक क्रीक कॅनल हा हंटा विषाणू थरात वाढवलेल्या व्हेरो पेशींत पोकळीकडच्या बाजूनेच शिरतो आणि तिथूनच बाहेर पडतो. पेशी सहसा मरत नाही. उंदीरही आजारी न पडता लघवीतून विषाणू टाकत राहतो. ती वाळली, झाडताना धूळ उडाली, की माणसाच्या श्वासात. आणि माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींनाही हंटाची लागण होते, त्यांचे आपसातले सांधे सैल पडतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपतात, प्लेटलेट्स उतरतात, लघवीतून प्रथिनं जातात. कोरियन युद्धात ३००० हून अधिक सैनिकांना जे झालं ते हेच. त्यामागचा हंटान विषाणू कोरियन विषाणुतज्ज्ञ हो वांग ली यांनी शेतातल्या उंदरात शोधला आणि १९७८ साली जाहीर केला.

लेप्टो जिवाणू आहे. ते लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय, पण तिथवर पोचायला लेख उघडावा लागतो. नाशकातल्या रुग्णांचा आकडा हा लेखाचा विषयच नव्हता, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

यापुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापेन.