परीक्षा शिकवणाऱ्याचीही घ्या

एका लेखात जर्मनीची ‘ड्युअल’ पद्धत, म्हणजे कंपनी आणि शाळा दोन्हीकडे शिकायची, आपल्या आयटीआयत नीट राबवा म्हटलंय. आम्हा शिक्षकांचा विरोध नाही. मी जळगावकडे आयटीआयत फिटरचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. जर्मनीत पोरगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले शाळेत. पगार कंपनी देते. आणि कंपनीत शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची परीक्षा द्यावी लागते! आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, पण नेमकं हेच सुटतं.

गेल्या वर्षी एक पोरगा चटईच्या कारखान्यात पाठवला. दोन महिन्यांनी डायरी उघडली, तर पानामागून पान एकच ओळ: ‘गठ्ठे बांधले.’ व्हर्नियरला, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनाला, हातही नाही. उलट एका छोट्या वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी दुसऱ्या पोराचा कानशीवर हात असा बसवला की घासलेल्या तुकड्याला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला तर उजेडाची फट दिसेना. जर्मन नियम लावला तर हे मिस्तरी नापास, कागद एकही नाही ना!

आणि नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांचं काय? तिकडे कंपन्या कुठे आहेत? जळगावात खोली घेतली की स्टायपेंड भाड्यातच जातो.