माझा कॅट परत द्या

"सर, सगळेच काढतात." गेल्या महिन्याभरात हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता फोनवर त्या गॅरेजवाल्याचा आवाज आला तरी डोकं तडकतं.

गाडी माझी. एक लिटरची टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर, कारखान्यातून 110 पीएस ताकद. पैसेही माझेच. ट्यूनिंगला देताना मी एकच अट घातली होती, तीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून: कॅटला, म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, हात लावायचा नाही. पीयूसीत प्रामाणिकपणे पास होईल एवढंच करा, ताकद थोडी कमी वाढली तरी चालेल. उत्तर आलं, "हो सर, डन." तीन दिवसांनी गाडी घरी आली, कॅट उपटलेली.

आणि हे मला गॅरेजने सांगितलं नाही, आईमुळे कळलं. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून मी डिकीत सामान भरत होतो, आई मागच्या सीटवर, काच खाली. दोन मिनिटांत ती पदर नाकाला लावून उतरली. "अरे, डोळे चुरचुरतायत. पेट्रोल गळतंय का बघ." तिला दमा आहे. त्या रात्री दोनदा पंप घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवली. टर्बोला लागून जिथे कॅटचा डबा असायला हवा, तिथे सरळसोट स्टीलचा पाइप. कॅट नीट काम करतोय का ते बघणारा मागचा ऑक्सिजन सेन्सर जागेवर होता, पण ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, त्याची दखल घेणंच बंद करून टाकलेलं, म्हणजे चेक इंजिनचा दिवा कधी पेटायलाच नको. स्कॅनर लावला तर कॅटची तपासणीच गायब. चूक झाली, विसरले, असं म्हणायला जागाच नाही. हे मुद्दाम, जाणूनबुजून, लपवून केलेलं काम आहे.

जाब विचारला तर म्हणे, "सर, ही रेस फाइल आहे, प्रीमियम काम आहे." फाइल म्हणजे ईसीयूत भरायचं सॉफ्टवेअर. कसली रेस? माझी गाडी सिंहगड रोडच्या सिग्नलला अर्धा तास उभी असते! रेसचं इंजिन किती तास चाललं ते मोजून उघडतात, पुन्हा बांधतात. त्याला चांगलं ऑक्टेन मिळतं, मागे मेकॅनिकची फौज असते. आपल्याला पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल. त्यावर बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवायचा, ठिणगीचं टायमिंग पुढे ओढायचं आणि एप्रिलच्या उन्हात गाडी घाटात घालायची. नॉकिंग होऊन, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून, पिस्टन फुटला की हेच लोक "तुम्ही चालवलीच तशी" म्हणणार. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. ती ट्रेलरवर येते, ट्रेलरवर जाते. तिला हवं ते करा, माझं काही म्हणणं नाही.

राग याचा येतो की नीट, कायद्याला धरून ट्यून करणं अशक्य नाही. मेहनतीचं आहे, एवढंच. कॅटला काम करायला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण 1 ला 14.7 च्या अगदी जवळ लागतं. तेवढं सांभाळलं की तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड, तिन्हींचा बंदोबस्त करतो. म्हणजे रोजच्या चालवण्यात, अर्ध्या थ्रॉटलवर, हे प्रमाण हलू द्यायचं नाही. ताकद वाढवायची ती बूस्टच्या आणि टॉर्कच्या मर्यादा बेताने वर नेऊन, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बसून, प्रत्येक पायरीला नॉक आणि एक्झॉस्टचं तापमान बघत. छोट्या टर्बोमध्ये बहुतेक वाढ तिथूनच मिळते. पण त्याला दिवस जातो. त्यापेक्षा कुठून तरी आणलेली एक फाइल दहा गाड्यांत ओतायची, फुल थ्रॉटलला मिश्रण गच्च श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवायचं आणि कॅट काढून टाकायचा, हे सोपं! त्यांच्याच डायनोच्या कागदावर कॅटसकट आणि कॅटशिवाय यात फरक किती? 6 पीएस. सहा पीएससाठी माझ्या आईचा श्वास.

आणि ते फटाके! एफसी रोडला रात्री पाय उचलला की फाट फाट फाट. मी मागितले नव्हते, तरी फाइलमध्ये आलेच. रॅलीत थ्रॉटल सोडल्यावरही टर्बो फिरता राहावा म्हणून एक्झॉस्टमध्ये पेट्रोल जाळतात, त्याला तिथे अर्थ आहे. शहरात ठिणगी उशिरा टाकून पेट्रोल पुंगळीत जाळायचं कशासाठी? शेजारच्या बाळाला दचकवायला? त्या उष्णतेने कॅट वितळतो. म्हणून मग आधी कॅटच काढायचा.

पीयूसीला नेली. वाटलं, निदान मशीन तरी खरं बोलेल. माणसाने नळी जेमतेम पुंगळीच्या तोंडाशी टेकवली, नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद हातात. पास! आयडलला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत हवा, कॅट नसलेली गाडी तिथे नापासच व्हायला हवी होती. नायट्रोजन ऑक्साइड तर या तपासणीत मोजतच नाहीत. मग बीएस 6 मध्ये किलोमीटरला 60 मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती रस्त्यावर कोण बघणार? आणि उद्या पकडलं तर 10,000 रुपयांपर्यंतचा दंड आणि लायसन्स निलंबित होणार ते माझं. गॅरेजवाल्याचं काय जाणार?

कायद्यावरही माझा राग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, कारखान्याने दिलंय त्यात बदल नको. ठीक. पण सीएनजी किट बसवायचं तर त्याला मान्यता मिळते, आरसीवर नोंद होते. तशी वाट ट्यूनिंगला का असू नये? कॅट शाबूत ठेवून धूर मर्यादेत राखणारा आणि सगळं उपटून टाकणारा, दोघे एकाच पारड्यात. मग प्रामाणिक काम कोण करेल? माझा मावसभाऊ सॅन होजेला असतो, त्याचीही टर्बोच आहे. कॅलिफोर्नियात ट्यूनला आणि पार्टला सरकारी मान्यतेचा क्रमांक घ्यावा लागतो. जुलै 2021 पासून तर तिथल्या धूर तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअरच वाचतात, मान्यता नसलेली फाइल सापडली की गाडी नापास. त्याने मान्य ट्यून घेतलं, गाडी पळते, झोप शांत. मी राहतो त्या शहरात टेकडीवर एआरएआय उभी आहे, देशभरच्या गाड्या तपासणारी संस्था, आणि मला रस्त्यावर चालेल असं ट्यून अधिकृतपणे करून घ्यायची सोय नाही!

सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? मी म्हटलं, बरं, माझा जुना कॅट परत द्या, पुन्हा बसवून घेतो. "तो स्क्रॅपमध्ये गेला, सर." अरे, कुणाला विचारून? त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाले त्याचे रोख पैसे मोजतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. माझ्या गाडीतून काढला, मला न सांगता विकला, वर पाइप बसवायची मजुरी माझ्याकडूनच घेतली. नवीन कॅटला सर्व्हिस सेंटरने लाखाच्या घरातला आकडा सांगितलाय.

शनिवारी मी पुन्हा जातोय. व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट काढलेत, स्कॅनरचा रिपोर्ट घेतलाय, लिफ्टवरचे फोटो आहेत. डिस्काउंट नको, पुढची फाइल फुकट नको. कॅट जागेवर, मूळ फाइल ईसीयूत, सेन्सर चालू, आणि स्कॅनर माझ्यासमोर लावायचा. तोवर गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे आणि आई दवाखान्यात रिक्षाने जातेय.