मेश कुठं लावायचा आणि कुठं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘सत्तरीतल्या वाड्यांसाठी मेश म्हणजे खेळणं. तीन हॉपनंतर स्पीड उरत नाही आणि जून लागला की सगळं बंद,’ असं तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांबद्दल, म्हणजे छोट्या वस्त्यांबद्दल, लिहिलंत. (मेश म्हणजे घराघरांवरच्या वायफाय यंत्रांचं, म्हणजे नोडांचं, जाळं. ती इंटरनेटचा डेटा एकमेकांकडे पुढे देतात, अशी एक उडी म्हणजे एक हॉप.) पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यात निरीक्षण बरोबर आहे, पण कारण चुकलंय.

एकच रेडिओ (सिग्नल देणारा-घेणारा भाग) असलेला नोड एका वेळी एक तर ऐकतो नाही तर बोलतो. त्यामुळे दर हॉपला स्पीड साधारण निम्मा: 40 एमबीपीएसचे 20, मग 10, मग 5. म्हणून डोंगर ओलांडायला मेश वापरूच नये. फायबर जिथवर आली असेल तिथून वाड्यापर्यंत 5 गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावाव्यात आणि मेश वाड्यातल्या आठ-दहा घरांपुरता, दोन हॉपच्या आत ठेवावा. नोड दोन रेडिओंचा घ्यावा: 5 गिगाहर्ट्झवर नोड आपसात बोलतील, 2.4 वर लोकांचे फोन. एका घरची वीज गेली तर डेटा शेजारच्या घरावरून वाट काढतो. मेशचं काम एवढंच, आणि तेवढं तो चोख करतो.

आता जून. ताशी 100 मिमी कोसळला तरी या फ्रिक्वेन्सीला किलोमीटरमागे जेमतेम एक डेसिबल नुकसान होतं. डिशला त्याचं काही वाटत नाही. लिंक तुटते ती भिजलेल्या पानांनी. दीड किलोमीटरच्या लिंकला मधोमध सरळ रेषेच्या चारी बाजूंनी किमान अडीच-तीन मीटर मोकळी जागा लागते. समोरची डिश नुसती ‘दिसते’ म्हणून भागत नाही. कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) वरून लिंक नेत असाल तर पोफळी आणि माड दरवर्षी किती वाढतात ते धरूनच डिशच्या पाइपची उंची ठरवा.

पावसाच्या नावावर खपणारा दुसरा बिघाड विजेचा. 8 वॉटचा रेडिओ 12 व्होल्टच्या बॅटरीवरून 30 मीटर केबलने चालवला तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट गळतात. रात्रभर वीज नसली की बॅटरी 11.5 वर येते, रेडिओला दहाही मिळत नाहीत आणि तो सारखा रीस्टार्ट होत राहतो. खालून सगळे दिवे लागलेले दिसतात, त्यामुळे दोष ढगांवर जातो! बॅटरीपाशीच 12 चे 24 व्होल्ट करणारा बूस्टर बसवा (रेडिओला 24 चालतात का, ते लेबलवर आधी वाचा). गळती पाऊण व्होल्टच्या थोडी वर राहते, आणि 24 मधून तेवढी गेली तरी बिघडत नाही. दोन रेडिओंना बारा तासांसाठी 12.8 व्होल्ट, 20 एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट बॅटरी कशीबशी पुरते. चतुर्थीत वीज दगा देईल असं वाटत असेल तर दुप्पट घ्या.

केबल उपकरणांच्या डब्यात वरून घालू नका. खालून घाला, आणि आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरूनच ठिबकून जातं. भोकं सीलंटने बुजवा, नाहीतर मुंग्या घर करतात. अर्थिंगला जांभ्या दगडात सळई ठोकून भागत नाही. खड्डा खणून बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरावं लागतं. मेमधल्या गडगडाटात हे टाळलेलं महागात पडतं.

तुमच्या वाड्याची पाहणी मार्चमध्ये झाली असेल तर ती धरू नका. तेव्हा सागाला पान नसतं, त्यामुळे समोरचा डोंगर स्वच्छ दिसतो. जुलैत त्याच जागी उभं राहून पुन्हा पाहा.